फेणीच्या लेबलावरचा हिरवा उजेड: अपकन्व्हर्जन नॅनोकणांच्या प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२४

१० जून २०२४

आधी काम काय आहे ते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची भट्टी चालवणारे ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना फेणीच्या लेबलावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी खूण हवी आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण छापील लेबलाची नक्कल करणं आज कुणालाही जमतं. अतिनील दिव्याखाली चमकणारी शाई त्यांनी पूर्वी वापरून पाहिली होती. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनंही त्याच दिव्याखाली चमकतात, त्यामुळे खूण ओळखूच येईना.

आमचा मार्ग उलटा आहे. ९८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर टाकायचा आणि हिरवा उजेड बाहेर काढायचा. यालाच अपकन्व्हर्जन म्हणतात. कागद, गोंद, रंग यांतलं काहीच असं वागत नाही, म्हणून खूण काळ्या पार्श्वभूमीवर उठावी तशी दिसते. त्यासाठी सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे नॅनोकण करायचे आणि त्यात यिट्रियमच्या दर १०० जागांपैकी २० जागी इटर्बियम आणि २ जागी अर्बियम बसवायचे. इटर्बियम अवरक्त प्रकाश शोषतो आणि ऊर्जा अर्बियमकडे देतो. अर्बियम दोन हप्त्यांत ती साठवून ५४० नॅनोमीटरच्या आसपास हिरवा उजेड सोडतो.

अडचण उजेडाच्या मात्रेची आहे. २०१० मध्ये बॉयर आणि व्हान व्हेगल यांनी मोजलं तेव्हा मोठ्या दाण्यांच्या पावडरीची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) सुमारे ३ टक्के आली, १०० नॅनोमीटरच्या कणांची ०.३ टक्के आणि ८ ते १० नॅनोमीटरच्या कणांची ०.००५ टक्के. तीही चौरस सेंटिमीटरला १५० वॅट इतक्या तीव्र लेझरखाली. आमचं तपासणीचं यंत्र हातात मावणारं हवं. त्यात २०० मिलिवॅटचा डायोड असेल आणि ठिपका २ मिलिमीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ वॅट. मोठा दाणा का नाही वापरत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तो शाईत तळाला बसतो आणि लेबलावर बोटाला खरखरीत लागतो. कण ४० नॅनोमीटरच्या आत ठेवून उजेड वाढवायचा, एवढंच या नोंदींचं काम.

तुलनेसाठी जानेवारीत केलेल्या कणांची एक कुपी ठेवली आहे. तिला 'ज' म्हणते.

१४ जून

पावसाळ्यातली पहिली बॅच. कृती सगळीकडे वापरतात तीच: तिन्ही धातूंचे क्लोराइड मिळून १ मिलिमोल, ६ मिलि ओलेइक अ‍ॅसिड, १५ मिलि ऑक्टाडेसीन. १६० अंशांवर विरघळवून थंड केलं. मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं १०० मिलिग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १४८ मिलिग्रॅम अमोनियम फ्लोराइड थेंबथेंब घातलं आणि अर्धा तास ढवळलं. मग मिथेनॉल उडवून, १०० अंशांवर व्हॅक्यूम देऊन, आर्गॉनखाली ३०० अंश, एक तास.

३०० ला पोचल्यावर थोड्या वेळात लाइट गेली. मॅन्टल, म्हणजे फ्लास्क तापवणारी शेगडी, गरम राहिलं तरी ढवळणं थांबलं आणि तापमान उतरत गेलं. थांबलेलं मिश्रण पुन्हा तापवून एक तास भरून काढला, पण असं तुकड्यातुकड्यांनी शिजवलेलं मिश्रण जुळत नाही. धुऊन लेझरखाली धरलं तर मळकट पिवळसर दिसलं. ज्यांच्याकडे एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणारं यंत्र) नाही त्यांना ही खूण उपयोगी पडेल: बीटा, म्हणजे षट्कोनी रूप स्वच्छ हिरवं चमकतं. अल्फा, म्हणजे घनाकृती रूप मंद आणि तांबूसपणाकडे झुकलेलं दिसतं. मिसळलेलं असेल तर मधलंच काहीतरी. नंतर बाहेरून एक्सआरडी करून आणलं तेव्हा अल्फाची २८.२ अंशांवरची रेषा ठळक होती आणि बीटाची १७ अंशांजवळची जेमतेम.

लॅबमधल्या काकांनी अडगळीतला इन्व्हर्टर काढून दिला. बॅटरी नवी घ्यावी लागली, सुमारे ₹११,०००. मॅन्टल, ढवळणी आणि तापमान नियंत्रक एवढंच त्यावर ठेवलं आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम करणार असाल तर रसायनांच्या आधी हे घ्या.

२१ जून

इन्व्हर्टरवर केलेली बॅच पूर्ण बीटा आली. टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, कण २० नॅनोमीटरच्या आसपास, एकसारखे. म्हणजे आकाराने 'ज'सारखेच. तरी उजेड 'ज'च्या निम्म्याहून कमी.

उजेड कमी आहे असं म्हणण्याआधी मोजणीवर विश्वास हवा, म्हणून हा आठवडा फक्त मोजणीला दिला. तीन गोष्टी सापडल्या.

डायोड गरम झाला की त्याची तरंगलांबी सरकते, अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर. इटर्बियमचं शोषण अरुंद आहे. एसी बंद असलेल्या दुपारी आणि एसी चालू असलेल्या सकाळी तीच कुपी वेगळा आकडा देते. डायोड आता पंखा लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवला आहे, आणि मोजणीआधी वीस मिनिटं चालू ठेवतो.

दुसरं, ठिपक्याचा आकार. कमी तीव्रतेत हिरवा उजेड तीव्रतेच्या जवळजवळ वर्गाने बदलतो. लेझर निम्मा केला की उजेड चौथाई. क्युव्हेट (नमुना धरणारी चौकोनी कुपी) दोन मिलिमीटर पुढेमागे झाली तरी आकडा बदलतो. क्युव्हेटची जागा आता स्क्रूने पक्की केली आहे, आणि प्रत्येक नमुना एकाच तीव्रतेवर न मोजता चार तीव्रतांवर मोजतो. नुसतं 'इतके पट वाढलं' हे वाक्य तीव्रता सांगितल्याशिवाय निरर्थक आहे, आणि दुर्दैवाने तेच सगळीकडे वाचायला मिळतं.

तिसरं, किती कण आहेत ते. कण ज्या द्रावकात ठेवतो त्या सायक्लोहेक्झेनचं ठरावीक घनफळ उडवून उरलेलं वजन करतो आणि सगळ्या कुप्या त्यानुसार सारख्या करतो. शिवाय डायोड क्षणात बंद करून हिरवा उजेड किती वेळात विझतो तेही ऑसिलोस्कोपवर बघतो. हा काळ कणांच्या संख्येवर अवलंबून नसतो, त्यामुळे इतर आकड्यांवर त्याचा वचक राहतो.

एवढं सगळं करूनही नवी बॅच 'ज'पेक्षा मंदच, आणि विझण्याचा काळही आखूड. म्हणजे फरक खरा आहे.

सुरक्षेबद्दल इथेच लिहिते: ९८० नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही, पापणी मिटत नाही, आणि डोळ्यातला पडदा भाजतो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा, सुमारे ₹४,०००, घातल्याशिवाय टेबलाजवळ कुणालाही येऊ देत नाही.

३ जुलै

जानेवारी आणि जून यांच्यात कृती तीच, बाटल्या त्याच, माणसं तीच. बदलली ती हवा. म्हणून पाणी कुठून शिरतं ते शोधायला बसलो.

अमोनियम फ्लोराइडची बाटली उघडली तर आत ओलसर गठ्ठे. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ती बाटली उघड्या कपाटात होती. व्हॅक्यूम पंपाचं तेल दुधासारखं पांढरं झालेलं, कारण मिथेनॉल आणि पाण्याची वाफ त्यात मिसळत होती. असा पंप १०० अंशांवर पाणी ओढून काढतो आहे असं वाटतं, प्रत्यक्षात काढत नाही. एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त शोषणाच्या आलेखात, जूनच्या कणांचा ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा रुंद उंचवटा 'ज'पेक्षा स्पष्ट मोठा होता. तोच हायड्रॉक्सिलचा, म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा.

हायड्रॉक्सिलचं कंपन अर्बियमच्या दोन पातळ्यांमधल्या अंतराशी जुळतं, आणि इटर्बियमची ऊर्जाही तीन घासांत गिळतं. हिरवा होण्याआधीच साठा उष्णतेत जातो. कण २० नॅनोमीटरचा असला की आतल्या आयनांचा मोठा हिस्सा पृष्ठभागाजवळच असतो, आणि इटर्बियम एकमेकांकडे ऊर्जा देत देत ती पृष्ठभागापर्यंत आपणहून पोचवतात. कमी तीव्रतेत हे जास्त बोचतं, कारण दुसरा हप्ता यायला वेळ लागतो आणि तोवर पहिला गळून जातो. आमचं यंत्र नेमकं कमी तीव्रतेचं.

पंपाचं तेल बदललं. सापळ्यासाठी द्रव नायट्रोजन दर वेळी मिळत नाही, म्हणून मासळीवाल्यांकडून बर्फाची लादी आणून मीठ घालून वापरतो. तेवढ्याने मिथेनॉल पूर्ण अडत नाही. त्यामुळे आधी ७० अंशांवर आर्गॉनच्या झोतात मिथेनॉल उडवायचं, वास पूर्ण गेला की मगच पंप जोडायचा. या क्रमाने तेल टिकू लागलं.

१२ जुलै

मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं होतं की पाण्याच्या मागे लागण्याआधी डोपिंग, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या धातूंचं प्रमाण, वाढवून बघावं. उजेड देणारा अर्बियमच ना, मग तो २ ऐवजी ५ टक्के घाला. बघितलं. हिरवा उतरला आणि लाल वाढला. अर्बियम जवळ जवळ आले की आपसांतच ऊर्जा वाटून घेतात. मग अर्बियम २ वरच ठेवून इटर्बियम २० चा ४० केला. शोषण वाढलं, उजेड घटला. इटर्बियमची साखळी जितकी दाट, तितकी ऊर्जा पृष्ठभागाकडे लवकर पोचते.

मॅडमनी विझण्याचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि स्वतःच म्हणाल्या, "आधी गळती बंद करू या." २० आणि २ ही प्रमाणं पवित्र नाहीत, उघड्या पृष्ठभागाच्या कणासाठी ती बरी पडतात इतकंच. हे पुढे पुन्हा तपासायचं.

२५ जुलै

कृती मुळातून बदलली. २०१८ मध्ये ऑस्नाब्रुकच्या मार्कुस हाजे यांच्या गटाने निर्जल अ‍ॅसिटेटपासून केलेल्या कणांचं काम प्रसिद्ध केलं. १८ टक्के इटर्बियम आणि २ टक्के अर्बियम असलेला गाभा, त्यावर गाभ्याच्या त्रिज्येइतकं जाड निव्वळ सोडियम यिट्रियम फ्लोराइडचं कवच. ४५ नॅनोमीटरचे असे कण मोठ्या दाण्यांच्या पावडरीच्या अगदी जवळ पोचले. कवचाबद्दल सगळे बोलतात, 'निर्जल' या शब्दाकडे आमचंही लक्ष आता गेलं.

सोडियम हायड्रॉक्साइड ओलेइक अ‍ॅसिडला भेटलं की सोडियम ओलिएट होतं आणि पाणी सुटतं. म्हणजे जुन्या कृतीत आपण स्वतःच फ्लास्कमध्ये पाणी तयार करत होतो. जानेवारीत चांगला पंप ते काढत होता, जूनमध्ये काढत नव्हता.

आता असं करतो: धातूंचे अ‍ॅसिटेट व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १४० अंशांवर रात्रभर. ते ओलेइक अ‍ॅसिड आणि ऑक्टाडेसीनमध्ये व्हॅक्यूमखाली विरघळवायचे, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड निघून जातं. मग तयार सोडियम ओलिएट, १ मिलिमोल धातूमागे ७६० मिलिग्रॅम, आणि पुन्हा व्हॅक्यूम. शेवटी सुकवलेलं अमोनियम फ्लोराइड बारीक पूड करून आर्गॉनच्या झोतात थेट फ्लास्कमध्ये. मिथेनॉल पूर्ण बाद. अमोनियम फ्लोराइड फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) राहतं आणि उखळीत कुटायचं काम पावसाची सर थांबलेली बघून, एसी लावून, पाच मिनिटांत उरकतो.

तापवताना फ्लोराइडची वाफ सुटते. फ्यूमहूड चालू, हातमोजे दुहेरी, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी. फ्लास्कच्या आतल्या काचेवर धुरकटपणा येऊ लागला आहे. काच झिजते, ती बदलत राहावी लागेल.

निकाल: कवच नसतानाही उजेड 'ज'च्या पुढे गेला. भर जुलैत.

९ ऑगस्ट

कवच. पहिला प्रयत्न सरळ होता: गाभ्याचे कण फ्लास्कमध्ये, कवचाचं सगळं साहित्य एकदम, ३०० अंश. टीईएममध्ये दोन जाती दिसल्या. थोडे वाढलेले कण आणि त्यांच्यामध्ये बारीक नव्या कणांची गर्दी. यिट्रियम कवचात जायच्या ऐवजी स्वतःचे वेगळे कण करून बसलं होतं. उजेड वाढला, पण घातलेल्या मालाच्या मानाने नाही.

उपाय २०१२ मध्ये व्हान व्हेगल यांच्या गटाने दाखवलेला. डोपिंग नसलेले बारीक अल्फा कण वेगळे करून ठेवायचे. २५० अंशांच्या आत प्रतिक्रिया थांबवली की ते मिळतात. हे कण ऑक्टाडेसीनमध्ये घेऊन गरम गाभ्याच्या मिश्रणात थोडे थोडे सोडायचे. अल्फा अस्थिर आणि बारीक, म्हणून तो विरघळतो आणि त्याचा माल बीटा गाभ्यावर चढतो. दोन हप्त्यांमध्ये पंधरा मिनिटं. घाई केली की पुन्हा नव्या कणांची गर्दी होते. हप्ता संपला का ते कळायला थेंबभर मिश्रण काढून टीईएमला ठेवत गेलो. वेळखाऊ आहे, पण एकदा वेळापत्रक बसलं की दर वेळी करावं लागत नाही.

२० ऑगस्ट

कवच किती जाड, याचा हिशेब आधी करावा. २० नॅनोमीटरच्या गाभ्यावर ५ नॅनोमीटर चढवले की कण ३० चा होतो आणि घनफळ ३.४ पट. म्हणजे गाभ्याच्या जवळजवळ अडीचपट माल कवचात. त्रिज्येइतकं, १० नॅनोमीटर चढवलं तर घनफळ ८ पट, कवचाचा माल गाभ्याच्या सातपट. ऐकायला महाग वाटतं, पण कवचात इटर्बियम नाही, अर्बियम नाही, फक्त यिट्रियम आहे आणि ते या तिघांत स्वस्त. केरळच्या किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये मुख्यतः सिरियम, लँथनम, निओडिमियम असे हलके धातू असतात. इटर्बियम, अर्बियमसारखे जड धातू आम्हाला आयात केलेलेच घ्यावे लागतात. म्हणून महाग धातू गाभ्यात, थोडाच, आणि त्यातला एकही आयन पृष्ठभागाजवळ वाया जाऊ द्यायचा नाही.

याच हिशेबातून मोजणीचा एक सापळा दिसतो. सारख्या वजनाचे नमुने घेतले तर कवचवाल्या कुपीत अर्बियम ३.४ पट कमी असतं. उलट सारख्या संख्येचे कण घेतले तर कवचाचं वजन मोजावं लागत नाही. मी दोन्ही आकडे लिहिते: अर्बियममागे उजेड आणि वजनामागे उजेड. पहिला भौतिकशास्त्राचा, दुसरा शाई विकत घेणाऱ्याचा.

५ सप्टेंबर

आर्गॉनचा सिलिंडर संपत आला आहे आणि शनिवारी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पुरवठादाराची गाडी आता पुढच्या आठवड्यानंतर. सिलिंडर भरून वाहतुकीसह ₹२,५०० च्या घरात पडतो, पण पैशांपेक्षा तारीख महत्त्वाची. गोव्यात चवथीच्या आसपास कोणतंही लांबलचक संश्लेषण लावू नका. उरलेला आर्गॉन कण धुऊन साठवण्यापुरता ठेवला. तयार कण सायक्लोहेक्झेनमध्ये, बाटलीचं तोंड पॅराफिल्मने बंद.

१८ सप्टेंबर

सुट्टीनंतर पूर्ण मालिका मोजली: उघडा गाभा, ३ नॅनोमीटर कवच, ५ नॅनोमीटर कवच. चौरस सेंटिमीटरला ३० वॅटवर अर्बियममागचा उजेड ५ नॅनोमीटर कवचाने सुमारे पंधरापट. ६ वॅटवर हीच वाढ तीसपटीच्या वर. आपल्या कामाला दुसरा आकडा लागतो, आणि पहिल्यावरून तो कधीच कळला नसता. हिरवा विझण्याचा काळ जवळजवळ चौपट. ३ ते ५ मधली वाढ लहान आहे, पण ती कमी तीव्रतेतच ठळक दिसते, म्हणून ५ ठेवलं.

जुलैतला सोडून दिलेला प्रश्नही पुन्हा काढला. ४० टक्के इटर्बियमच्या गाभ्यावर तेच कवच चढवलं. जो कण उघडा असताना मंद होता तोच आता २० टक्क्यांच्या कवचवाल्या कणापेक्षा उजळ निघाला. आलेख घेऊन मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा त्या जेवायला निघाल्या होत्या. डबा बाजूला ठेवून तासभर बसल्या. पृष्ठभाग बंद असेल तर दाट साखळी फायद्याची ठरते. ज्यांनी फक्त डोपिंग बदलून निष्कर्ष काढले आहेत त्यांनी एकदा कवच घालून तीच मालिका पुन्हा करावी असं मला मनापासून वाटतं.

१ ऑक्टोबर

शाई. पहिली इथाइल सेल्युलोजमध्ये केली. छापायला सुरेख, सुकल्यावर पारदर्शक. पण फेणीतलं मद्य ४२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि बाटली ओतताना थेंब लेबलावर ओघळतोच. ओल्या बोटाने घासलं की थर मऊ पडून पसरला. पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळवून घेतलं. ते मद्याला आणि पाण्याला दाद देत नाही. ओलिएट लावलेले कण त्यात गठ्ठे न होता मिसळतात, फक्त कण वजनाने ५ टक्क्यांच्या वर गेले की थर दुधी दिसू लागतो आणि खूण लपत नाही. २ टक्क्यांवर थांबलो.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं, म्हणून तसंच तपासलं. उघड्या गाभ्याच्या शाईचा उजेड दव धरल्यावर उतरला आणि सुकल्यावर पूर्ण परत आला नाही. कवचवाल्या शाईत दव पुसल्यावर आकडा पहिल्याइतकाच.

९ ऑक्टोबर

तपासणीचं यंत्र. २०० मिलिवॅटचा अदृश्य लेझर दुकानदाराच्या हातात मोकळा देता येणार नाही, यावर मॅडम, काका आणि मी तिघंही ठाम आहोत. काळी डबी केली आहे. तोंड लेबलावर पूर्ण दाबलं गेलं तरच दोन स्विच मिळून डायोड चालू होतो, आणि पाहायच्या खिडकीला अवरक्त अडवणारी काच आहे. सत्तरीच्या गृहस्थांनी स्वतः दाबून बघितलं. दुपारच्या उजेडात, डबीच्या आत, खूण स्पष्ट हिरवी.

शिल्लक कामं: ४० टक्के इटर्बियमच्या कवचवाल्या कणांची मोठी बॅच, १ ऐवजी ५ मिलिमोलची. मोठ्या फ्लास्कमध्ये तापण्याचा वेग घटतो, तेव्हा अल्फा ते बीटा बदल एकदम होतो की रेंगाळतो ते आधी बघावं लागेल. बाहेर उन्हात ठेवलेल्या लेबलांची मोजणी दर पंधरवड्याला. पॉलिस्टायरीन उन्हात पिवळं पडतं, ते हिरव्या उजेडाच्या आड येतं का हे डिसेंबरपर्यंत कळेल, आणि काजूचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो.